प्रकरण सतरावे : दहा यार्डांची साखळी

टेबलाच्या पायांना साखळी बांधायचं काम जेदो, म्हणजे घरचे आजोबा, कुणाला करू देत नसत. शहाऐंशीव्या वर्षीही नाही. गुडघे टेकून टेबलाखाली शिरताना यंदा ते तीनदा थांबले, आणि तिसऱ्या वेळी इतका वेळ थांबले की त्यांच्या सुनेने, मेलानीने, हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"जेदो, राहू द्या. सिम करेल."

"सिम पुढच्या वर्षी करेल," टेबलाखालून आवाज आला. "यंदा मी आहे."

साखळी दहा यार्डांची होती. अल्डर्टन कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ मैदानात पुढे सरकला की नाही, ते ती पसरून मोजत. चौऱ्याहत्तर साली नवी साखळी आली. तेव्हा कोच जेदोच होते. त्यांनी जुनी खांद्यावर टाकून घरी आणली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणाचं टेबल साखळीने बांधलं की वर्षभर घरातलं माणूस घरातून फुटत नाही, हे त्यांच्या आईने जुन्या देशातून आणलेलं शास्त्र. तिच्याकडे खाणीतल्या गाडीची साखळी होती. चार पायांना दोन फेरे घालायचे आणि उरलेलं टोक सगळ्यात धाकट्याच्या खुर्चीला अडकवायचं. पेट्रुनाकांच्या घरात सगळ्यात धाकटा म्हणजे मेलानीचा मुलगा सिम. वय एकवीस, उंची सहा फूट सहा इंच, वजन तीनशे दहा पौंड. कॉलेजच्या संघात तो डावा टॅकल होता, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची डावी बाजू राखणारा. त्याच्या खुर्चीला कडी लावून जेदो बाहेर आले, तेव्हा त्यांच्या स्वेटरला टेबलाखाली सणासाठी पसरलेल्या गवताच्या काड्या चिकटल्या होत्या.

जानेवारीची सहा तारीख. गावातल्या इतरांचा नाताळ होऊन बारा दिवस झाले होते आणि त्यांची झाडं रस्त्याकडेला फेकलेली होती. टेकडीवरच्या चर्चची माणसं तेवढी अजून सात जानेवारीला नाताळ मानणारं जुनं पंचांग धरून होती, आणि तीही दरवर्षी कमी होत होती.

मेलानीच्या डोक्यात मात्र दुसरंच पंचांग चालू होतं. खेळाडूंना कॉलेज बदलायला जानेवारीत पंधरा दिवस पोर्टल उघडतं. ज्याला जायचं असेल त्याने आपल्या कॉलेजला लेखी कळवायचं, आणि कॉलेजने दोन कामाच्या दिवसांत त्याचं नाव पोर्टलवर चढवायचं. नाव चढेपर्यंत दुसऱ्या कोणी त्याच्याशी उघड बोलायचं नाही. मोठ्या विद्यापीठांत या कामाला आठ-आठ माणसांचं खातं असतं. अल्डर्टनमध्ये मेलानी होती. तिच्या दारावर नियमपालन, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह अशा तीन पाट्या होत्या.

शुक्रवारी पोर्टल उघडलं. दुपारपर्यंत पाच अर्ज आले आणि पाचही नावं तिने तासाभरात चढवली. सहावा अर्ज चार वाजून दहा मिनिटांनी आला. तो सिमचा होता. सोमवार गेला, मंगळवार चालला होता. मुदत आज रात्री बाराला संपत होती आणि तिने नाव चढवलं नव्हतं.

सिम स्वयंपाकघरात आला आणि दारातच थांबला. तो कुठेही उभा राहिला तरी वाट अडायची.

"आई, झालं का?"

"बोबाल्की व्हायच्यात," ती म्हणाली. पावाच्या सुपारीएवढ्या गोळ्यांवर ती खसखस आणि मध ओतत होती.

"ते नाही विचारत."

"माहितीये काय विचारतोयस."

"ते लोक उद्या दुपारपर्यंत थांबणार आहेत. त्यांच्याकडे डाव्या टॅकलच्या एका जागेसाठी तीन मुलं रांगेत आहेत."

"तुला कसं कळलं? नाव चढल्याशिवाय त्यांनी तुझ्याशी बोलायचं नसतं."

"ते माझ्याशी नाही बोलले. एजंटशी बोलले."

"एजंट आहे तुला?"

"सगळ्यांना आहे, आई." त्याने पातेल्यातला एक गोळा उचलला, लहानपणी उचलायचा तसाच, न विचारता. "डॅडला मी सांगतो. तू नको सांगूस."

"कधी?"

"जेवण झाल्यावर."

"शुक्रवारीही हेच म्हणाला होतास."

त्याने गोळा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून टेकलाने तारा दिसल्याचं जाहीर केलं. पहिला तारा दिसल्याशिवाय बसायचं नसतं. आभाळ सकाळपासून राखेसारखं होतं, पण टेकला दरवर्षी पाण्याच्या टाकीवरचा दिवाच तारा म्हणून धरायची. ती जेदोंची मधली मुलगी; बापाला तीही जेदोच म्हणायची. बावीस वर्षं पिट्सबर्गच्या शाळेत शिकवून गेल्या उन्हाळ्यात परतली होती, आणि परतल्यापासून घरात खरं बोलायचं खातं तिच्याकडे होतं.

सात ताटं मांडली होती, माणसं सहा. सातवं वारलेल्या सासूबाईंचं. टेबलाच्या डोक्याला जेदो, त्यांच्या उजवीकडे थोरला मुलगा वॅसिल, मेलानीचा नवरा आणि कॉलेजचा आताचा कोच, डावीकडे धाकटा मुलगा सिरिल. सिमची खुर्ची वॅसिलशेजारी. एकदा बसलं की जेवण संपेपर्यंत कुणी उठायचं नसतं. जो उठेल तो वर्षभरात जाईल, असं मानतात. उठायची मुभा फक्त घरच्या बाईला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती सासूबाईंना होती, आता मेलानीला.

तिने मधात बोट बुडवून प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढला. जेदोंच्या कपाळाची कातडी बोटाखाली सरकली. वॅसिलने डोळे मिटून घेतले होते, आणि क्रूस काढून झाल्यावरही ते उघडायला त्याला क्षणभर वेळ लागला. तो सत्तावन्न वर्षांचा होता. नोव्हेंबरमध्ये हंगाम संपल्यापासून तो रात्री तीनच्या पुढे झोपला नव्हता. सिम तिच्यासमोर वाकला, तेव्हा तिने क्रूस जरा मोठाच काढला.

लसूण मधात बुडवून खाल्ला, प्रार्थना झाली आणि मशरूमचं आंबट सूप वाढलं. सूप येताच सिरिलने तोंड उघडलं. गाड्यांच्या शोरूमचा मालक सिरिल गेली तीन वर्षं माजी विद्यार्थ्यांकडून खेळाडूंसाठी निधी गोळा करत होता.

"पाच गेले ना, दादा?"

"पाच."

"पैकी किती जणांना मी निधीतून दिलं होतं?"

"चौघांना."

"म्हणजे मी लोकांच्या दारात टोपी फिरवायची, पोरांना महिन्याचं पेट्रोल आणि पिझ्झा द्यायचा, आणि ती धष्टपुष्ट झाली की मोठ्यांनी येऊन उचलायची. आपण कॉलेज चालवतोय की कोंबड्यांचं फार्म?"

"कोंबड्यांना निदान विकता तरी येतं," टेकला म्हणाली. "तुम्हाला एक सेंट मिळत नाही."

"मिळतो की. सप्टेंबरमध्ये त्यांच्या मैदानावर जाऊन साठ गुणांनी मार खायचा, त्याचे पैसे मिळतात."

"त्याच पैशांवर पोहण्याचा संघ चालतो, सिरिल," वॅसिल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तो अलीकडे चढतच नसे. "आणि बायकांचा धावण्याचा."

जेदोंनी चमचा खाली ठेवला. "आमच्या वेळेला मुलगा यायचा, चार वर्षं राहायचा, शिक्षक नाहीतर फोरमन होऊन बाहेर पडायचा. कुणी विचारायचं नाही, मला काय देता म्हणून."

"कारण तुम्ही त्याला विचारायची सोय ठेवली नव्हती," टेकला म्हणाली. "एक वर्ष घरी बसवत होता, दुसरीकडे गेला तर. गुडघा गेला की घरी. शाळेत माझ्या हाताखाली तुमचे दोन जुने खेळाडू होते, जेदो. चाळिशीत काठी घेऊन चालायचे."

"ही बघा, पिट्सबर्गवाली बोलली."

"बोलणारच. तुम्ही नेहमी म्हणता, पेट्रुनाकांच्या घरातून कुणी गेलं नाही. मी गेले होते की. मला मोजतच नाही तुम्ही."

"तू परत आलीस."

"पेन्शन घेऊन आले."

सिरिल हसला, जेदोही जरासे हसले, आणि मेलानीला वाटलं, एवढ्यावर हे जेवण निभावेल. तिने वाटाणे पुढे केले.

"पाच गेले तरी कणा शिल्लक आहे," जेदो म्हणाले. "डावी बाजू शाबूत असली की बाकीचं उभं करता येतं. काय रे सिम? फेकणाऱ्याच्या पाठीशी तू असलास की त्याने मागे बघायचं कारणच नाही."

सिमने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते कुणाला कळलं नसतं.

"तेच मी विश्वस्तांना सांगितलं," वॅसिल म्हणाला. फेब्रुवारीत विश्वस्तांची बैठक होती. फुटबॉलच्या शिष्यवृत्त्या बंद करून हौशी दर्जावर जायचं की नाही, हे तिथे ठरणार होतं. वॅसिलने डिसेंबरमध्ये त्यांच्याकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. "म्हटलं, रांगेतले चार बदलतील, पण डावा टॅकल घरचाच आहे. तेवढ्यावर ते गप्प बसले." त्याने पाव मोडला. "म्हणून तर काल त्या ओहायोच्या मुलाला नाही म्हणून सांगितलं."

मेलानीचा हात वाटाण्यांच्या भांड्यावर थांबला. "कुठल्या मुलाला?"

"यंगस्टाउनजवळचा आहे. डावा टॅकल, दोन वर्षं शिल्लक. शनिवारी स्वतः फोन केला होता त्याने. चांगला मुलगा आहे, त्याची आजी आपल्याच चर्चची. पण माझ्याकडे एकच शिष्यवृत्ती उरली होती आणि सिम असताना ती त्या जागेवर कशाला घालवू? काल ती दुसऱ्या जागेवरच्या एका मुलाला दिली. ओहायोवाला आज सकाळी डेलावेअरला गेला."

 मेलानीने मनातल्या मनात तारखा लावल्या. पोर्टलवर नाव चढलं की त्याच क्षणी कोचच्या फोनवर निरोप जातो. शुक्रवारी पाच वाजता तिने नाव चढवलं असतं, तर शनिवारी ओहायोचा फोन आला तेव्हा वॅसिलला माहीत असतं. त्याने हो म्हटलं असतं. चार दिवस ती वाट बघत होती, पोराचं मन बदलेल म्हणून. आई म्हणून ते शोभलं असतं. पण अर्ज आईकडे आलेला नव्हता.

"सिम," ती म्हणाली. "आता."

"जेवण झाल्यावर म्हटलं ना, आई."

"आता सांग."

टेकलाने दोघांकडे पाहिलं. "अरे, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? सांगून टाक."

सिमने दोन्ही हात टेबलावर ठेवले. टेबल जरासं हललं आणि खाली साखळी वाजली. "मी शुक्रवारी अर्ज दिला, डॅड. पोर्टलसाठी."

वॅसिलने पाव ताटात ठेवला. मग खिशातून फोन काढून बघितला, जणू चूक फोनची असेल.

"मला काही आलेलं नाही."

"कारण मी नाव चढवलेलं नाही," मेलानी म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. कपाळावरचे मधाचे क्रूस दिव्यात चमकत होते. त्या सगळ्या चेहऱ्यांना ती वर्षानुवर्षं जेवू घालत आली होती.

"कुठे?" वॅसिलने विचारलं.

सिमने दक्षिणेतल्या एका विद्यापीठाचं नाव सांगितलं. सिरिलने शीळ घातली. "काय देतायत?"

"वर्षाला तीन लाख."

"डॉलर?"

"नाही काका, बटाटे."

कुणी हसलं नाही. वॅसिलचा पगार त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता.

"तू ते बटाटे घेऊन काय करणार?" जेदो म्हणाले. "इथे तुझं नाव आहे. मैदानाला आपलं नाव आहे."

"म्हणूनच," सिम म्हणाला. आवाज बसका होता. हे वाक्य त्याने बरेच दिवस घोटलं असावं. "जेदो, माझ्या गुडघ्यात दोन वर्षं आहेत. डॉक्टरांनी दाखवलंय मला. त्या दोन वर्षांत मैदानाचं नाव मला चालवणार नाही. आणि डॅड, तुम्हीच मागच्या वर्षी त्या धावणाऱ्या पोराला म्हणालात, जा, तुझ्या आईचं घर सोडव. मी तिथेच उभा होतो."

"तो आपला नव्हता," जेदो म्हणाले.

"तो आपलाच होता," वॅसिल म्हणाला. "तीन वर्षं आपल्याकडे होता."

जेदोंनी मुलाकडे बघितलं. मग ते मेलानीकडे वळले, आणि आवाज एकदम मऊ केला. ती या घरात आल्यापासून त्यांनी असा मऊ आवाज दोनदाच लावला होता. "पोरी, मुदत कधीची?"

"आज रात्री बाराची."

"मग बारा वाजू देत."

"जेदो!" टेकला म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. बारा वाजले की काय होईल? कॉलेजला दंड?"

"दंड होईल. चौकशी होईल. सिम दाद मागेल आणि त्याला परवानगी मिळेल," मेलानी म्हणाली. "पण महिना जाईल, आणि ते लोक उद्या दुपारपर्यंतच थांबणार आहेत."

"झालं तर मग."

"सिस्टिम बंद होती म्हणायचं," सिरिल पुढे सरसावला. मघाशी कोंबड्या मोजणारा तो आता बापाची बाजू घेत होता. "आमच्याकडे आठवड्यातून दोनदा बंद पडते. कोण विचारतंय? आज आपला सण आहे, वहिनी सुट्टीवर होती. दादाचं एक वर्ष वाचेल, संघ वाचेल. पोरगा पुढच्या जानेवारीत जाईल की. तीन लाख कुठे पळून जातायत?"

"गुडघा पळून जातोय," टेकला म्हणाली. "एकोणनव्वदला दादाला असंच अडवलंत तुम्ही. वर्जिनियाच्या विद्यापीठाचं पत्र आलं होतं. पुढच्या वर्षी जा, म्हणालात. पुढच्या वर्षी पत्र आलं नाही."

त्या पत्राबद्दल या टेबलावर कधी कुणी बोललं नव्हतं. जेदो सातव्या ताटाकडे बघू लागले. तिकडून यंदा काही मदत येणार नव्हती.

"मेल," वॅसिल म्हणाला.

"हं."

"शुक्रवारी कळलं असतं, तर मी ओहायोच्या मुलाला हो म्हटलं असतं."

"हो."

"म्हणजे आता माझ्याकडे तोही नाही आणि हाही नाही."

"हो. ती चूक माझी आहे. फेब्रुवारीत विश्वस्तांना तसं लिहून देईन मी."

तो रागावेल अशी तिने तयारी ठेवली होती. तो रागावला नाही. त्याने तळहाताने चेहरा वरून खाली पुसला. कपाळावरचा मध भुवईपर्यंत आला.

"बाकीच्या पाचांची नावं चढवायला किती वेळ घेतलास?"

"प्रत्येकी तासाभराच्या आत."

"आणि त्या पाचांच्या आयांना मी त्याच संध्याकाळी फोन केले." हा त्याचा नेम होता. मुलगा जातो म्हटलं की त्याच्या आईला त्याच दिवशी फोन. काही आया रडायच्या, एक-दोघी न बोलताच ठेवून द्यायच्या, पण त्याने एकही फोन चुकवला नव्हता. "त्यांना मी काय सांगतो माहितीये ना? आमच्याकडे तुमच्या मुलाला इतरांपेक्षा वेगळं वागवलं जाणार नाही."

तो एवढंच म्हणाला.   सिरिलने आपल्या ताटातले वाटाणे एका बाजूला सारले. सिम उठू बघत होता, आईला थांबवायला की सोबत जायला, त्याचं त्यालाच ठाऊक नसावं. खुर्ची ओढली गेली आणि साखळी ताणली.

"बस," वॅसिल म्हणाला. "तू उठायचं नाहीस."

मेलानी उठली.

स्वयंपाकघरात पावाच्या पाटावर लॅपटॉप होता. तिने हात धुतले, तरी मध पूर्ण गेला नव्हता. बोटं अक्षरांना चिकटत होती. नाव. जन्मतारीख. खेळ. जागा: टॅकल, डावा. शिल्लक वर्षं: दोन. अर्ज मिळाल्याची तारीख: दोन जानेवारी. ती तिने खरी लिहिली. संपर्कासाठी पालकाचं नाव आणि नंबर विचारला होता. बाकीच्या पाचांच्या फॉर्ममध्ये तिने तिथे आईचा नंबर टाकला होता. याही वेळी तिने तेच केलं.

पाच वाजून बावन्न मिनिटं. तिने शेवटचं बटण दाबलं.

भिंतीपलीकडे वॅसिलच्या खिशात फोन वाजला. एकदाच, बारीक.  बाहेर चमचे वाजायचे थांबले. तिने लॅपटॉप मिटला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. 

मग एप्रनच्या खिशात तिचा फोन वाजला. पडद्यावर नवऱ्याचं नाव होतं. तिने फोन कानाला लावला.

"मिसेस पेट्रुनाक का? मी अल्डर्टनचा कोच बोलतोय."

तोच आवाज फोनमधून आणि दारातून, दोन्हीकडून येत होता. दारातून येणारा जरा आधी पोचत होता.

"बोला, कोच."

"तुमच्या मुलाचं नाव आत्ता चढलं. तीन वर्षं त्याने आमच्यासाठी अंग मोडून काम केलं, त्याबद्दल तुमचे आभार मानायला फोन केला. तो गेला म्हणून इथे त्याला कुणी वावगं बोलणार नाही. ती जबाबदारी माझी." एक श्वास. "त्याला तिकडे काही कमी पडलं, तर इथलं दार उघडं आहे, असं त्याला सांगा."

"सांगते."

इथे तो फोन ठेवायचा. गेल्या तीन वर्षांत शेजारच्या खोलीतून ऐकून तिला त्याचं प्रत्येक वाक्य पाठ झालं होतं, आणि यापुढे वाक्य नव्हतं. पण फोन चालूच राहिला. पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. जेदो असावेत. टेबलाखाली साखळी हलली आणि थांबली.

"कोच," ती म्हणाली, "मला माफ करा. उशीर झाला."



"मिसेस पेट्रुनाक," दारातून आणि फोनमधून तो म्हणाला, "सूप गार होतंय. तुमच्याशिवाय आम्हाला कुणाला उठता येत नाही."